झंकार

मिरजेहून विलिंग्डन कॉलेजला जायला १९९१ साली माझ्याकडे बसचा पास होता. तरी आठवड्यातनं दोनदा तरी मी वडापनं, म्हणजे माणसं गोळा करून नेणाऱ्या खाजगी गाडीनं, जायची, आणि त्याचे पैसे चहा न पिता वाचवायची. वडापमध्ये टेप होता.

मॅटाडोर असायची. आत पंधरा-सोळा माणसं, मांडीवर दप्तर, पायाशी कुणाची तरी भाजीची पाटी, खालून डिझेल इंजिनाची घरघर. त्या सगळ्यावरून कुमार सानूचा आवाज यायचा. 'आशिकी' सिनेमा येऊन वर्ष उलटलं होतं आणि त्याचे संगीतकार नदीम-श्रवण यांची गाणी लग्नात, रसवंतीत, पानपट्टीवर, सगळीकडे होती. पण वडापमधली कॅसेट साधी नसायची, झंकारवाली असायची. म्हणजे मूळ गाण्यावर ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा, आणखी एक ठेका चढवलेला आणि त्याला भरपूर एको. संगीत कळणाऱ्या माणसांना याचा संताप येतो. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की ही युक्ती वडापसाठी अगदी योग्य होती. इंजिनाचा आवाज खालचा, खर्जाचा. तबला आणि ढोलकाचा बायां त्यात बुडून जायचा. वरचा तो किणकिणता ठेका मात्र विश्रामबागेपर्यंत स्वच्छ ऐकू यायचा.

घरी मात्र झंकार या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

अण्णा, माझे वडील, रेल्वेत होते आणि ड्यूटीतून उरलेला सगळा वेळ गाण्यात. किराणा घराण्याची तालीम त्यांना मिळाली होती. मिरजेत राहून ते साहजिकही होतं. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे झाले, १९३७ साली गेल्यावर इथंच दर्ग्यापाशी विसावले, आणि उरुसातल्या त्यांच्या स्मृतीच्या संगीतसभेला मी अण्णांच्या मांडीवर झोपून सुरुवात केली. आमच्या बाहेरच्या खोलीत तंबोरा उभा असे. वर्ष-दोन वर्षांनी त्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची नाद खुलवणारी घडण, बिघडली, की अण्णा तो गवसणीत घालून सतारमेकर गल्लीत न्यायचे आणि मला सोबत घ्यायचे. तिथले वाद्यांचे कारागीर चाचा घोडीवर कानस हलक्या हातानं फिरवत, तार छेडत, पुन्हा घासत, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत. धागा एका जागी आला की तार एकदम उलगडायची. एका सुरातून दहा सूर बाहेर पडल्यासारखे. अण्णा डोळे मिटून म्हणायचे, "हां. झंकार आला."

त्या दुकानात खिडकीत एक रेडिओ होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तरी त्यावरची सिनेमाची गाणी ऐकू येत. आम्ही आत जाऊन बसलो की थोड्या वेळानं चाचा हात लांब करून तो बंद करत. मी ते दर वेळी पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं, की अण्णांसमोर ही गाणी लावायची नसतात. मोठ्या माणसालाही लाज वाटते, तर आपण सांभाळूनच राहावं.

सांभाळणं जमलं नाही. बारावीनंतर मी सांगलीच्या एका दुकानात गाणी भरून घेतली. कोरी कॅसेट परवडली नाही, म्हणून घरातली नव्वद मिनिटांची एक नेली. तिच्या एका बाजूला माझ्या गुरुजींनी शिकवलेला मारवा राग होता, दुसरी बाजू रिकामी. एका रविवारी अण्णांनी मारवा ऐकायला म्हणून तीच कॅसेट लावली आणि नेमकी उलटी बाजू लागली. अलका याज्ञिक. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एक अख्खं गाणं ऐकलं. मग बटण दाबलं, कॅसेट उलटली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ढोलक चांगला वाजवलाय. पण काय आहे यात?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मान खाली घातली आणि "काही नाही" म्हणाले. त्या "काही नाही"चं मला अजून वाईट वाटतं. गाणी ऐकल्याचं कधी वाटलं नाही.

पुढं विशारद झाले, लग्न होऊन पुण्यात आले, गेली बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला न चुकता जाते. कुणी विचारलं काय ऐकतेस, तर शास्त्रीय गाण्यातली मोठी नावं, किशोरीताई आमोणकर आणि मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा, सांगते. ते खरं आहे. पण गाडीत एकटी असताना काय लावते ते कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. गाण्यातली मैत्रीण गाडीत बसणार असेल तर आधी बदलून ठेवायची. म्हणून अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर आज इथं लिहिते आहे. तेव्हा द्यायला हवं होतं ते.

अण्णा, यात मुखडा आहे, परत परत येणारी ती पहिली ओळ. अंतऱ्याची शेवटची ओळ अशी बांधलेली असते, की मुखडा येणार हे दोन ओळी आधी कळतं आणि तरी तो आल्यावर बरं वाटतं. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, तुमची मान हलते ना, तसंच. वडापमध्ये मी पाहिलंय, भाजीवाल्या मावशी, आयटीआयची पोरं आणि क्लीनर, सगळ्यांचे ओठ एकाच जागी हलायचे. अण्णा, ती समच होती.

यात अलका याज्ञिकचा गळा आहे. तिची आई शास्त्रीय गायिका होती आणि ती स्वतः सहाव्या वर्षापासून आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर गात होती. ओळीच्या शेवटी ती सुरांची एक बारीकशी हरकत घेते, लक्षात येईस्तोवर संपलेली असते. विशारदच्या तयारीत पलट्यांना, त्या सरावाच्या सुरावटींना, कंटाळले की मी त्या हरकती गळ्यात बसवून बघायची. वेग यायचा, पण तो नेमकेपणा नाही आला.

कुमार सानूचा आवाज नाकातून येतो, हे तुम्ही म्हणाला असता. येतो. पण तो समोरच्या एकाच माणसाशी बोलावं तसा गातो, सभागृहाशी नाही. सलग पाच वर्षं, १९९१ ते १९९५, त्याला गायकाचं फिल्मफेअर मिळालं. त्या पाच वर्षांत मी सतरा ते एकवीस वर्षांची होते.

आणि यात शब्द आहेत. दिल, सनम, कसम, पुन्हा दिल. साधे, परत परत तेच. आपल्या घरात बंदिशींमधून पिया आणि सजन रोज यायचे, पण आलापात शब्द विरघळून जायचा, उरायचा सूर. ते तसंच असावं, मला ते प्रिय आहे. पण सतराव्या वर्षी मला कुणीतरी तो शब्द शब्द म्हणून, स्पष्ट उच्चारलेला हवा होता. माझ्या आयुष्यात तेव्हा कुणी नव्हतं. तरी हवा होता. आपल्या घरात प्रेम हा शब्द मोठ्यानं कुणी म्हणत नसे. वडापमध्ये तो दर वेळी ऐकायला मिळायचा, आणि आजूबाजूची माणसं खिडकीबाहेर बघत शांतपणे ऐकत असायची.

ही चोरी आमच्याच घरात सुरू झाली असंही नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते, मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून श्रद्धा. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. माझी आत्या बुधवारी रात्री 'अभ्यासाला' म्हणून शेजारी जायची ती बिनाका गीतमाला ऐकायला. चांगल्या गाण्यावर इतकं प्रेम करणारी माणसं दुसऱ्याच्या गाण्याला इतकं का घाबरली, हे मला आजही समजत नाही. हार्मोनियमसुद्धा १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंद होता. अण्णांना हार्मोनियम फार आवडायचा.

२२ एप्रिल २०२१ ला नदीम-श्रवणमधले श्रवण राठोड कोरोनानं गेले. त्या रात्री बातम्या वाचताना कळलं, की त्यांचे वडील, पंडित चतुर्भुज राठोड, धृपद गायचे. तीस वर्षं मी ती गाणी ऐकत होते आणि हे मला माहीत नव्हतं. धृपदाच्या घरात वाढलेल्या मुलानं ती सनई, ती बासरी, ते मुखडे बांधले होते. फोन उचलून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ज्यांना सांगायचं ते २०१६ लाच गेले होते.

गेल्या वर्षी अण्णांचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले. चाचाही नाहीत आता, त्यांचा मुलगा बसतो. सतारमेकर गल्ली तशीच, लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास, भिंतीला भोपळे टांगलेले. खिडकीत रेडिओच्या जागी मोबाइल, आणि त्यावर, मला पायरीवरूनच ओळखू आलं, तीच गाणी. त्यानं तंबोरा मांडीवर घेतला, तारा सैल केल्या आणि मोबाइलकडे हात नेला.

मी म्हणाले, "राहू द्या की. मला चालतं."

"तुम्हाला चालतं हो ताई," तो म्हणाला, "जवारीला चालत नाही. बारीक ऐकावं लागतं. अब्बा पण बंदच करायचे, कुणी असो नसो."

मी स्टुलावर बसून राहिले. कुणी असो नसो. तासभर कानस, तार, कानस, तार. चारही तारा झाल्यावर त्यानं धागा सरकवला आणि जोडाच्या तारा एकदम उलगडल्या. त्यानं डोळे मिटून दोनदा ऐकलं, तंबोरा माझ्या हातात दिला, आणि भुसा झटकून मोबाइल पुन्हा चालू केला. गाणं मध्येच तुटलं होतं, अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीवर. तिथूनच पुढं सुरू झालं.