उताऱ्यात नाही

"बाई, ते उताऱ्यात नाही ना."

एवढंच म्हणाली ईश्वरी आणि जागेवर जाऊन बसली. शाळा सुटली, कोथरूडच्या बसमध्ये चक्क खिडकी मिळाली, तरी डोक्यात तेच. साडेदहा वाजून गेलेत, भांडी तशीच पडलीत आणि मी तिची वही पुन्हा उघडून बसले आहे.

उतारा बिबट्याचा होता. मीच लिहिला होता. पेंग्विन, ध्रुवीय अस्वल मुलांना फार लांबचे वाटतात, म्हणून म्हटलं आपल्याच जिल्ह्यातलं द्यावं. जुन्नरकडे कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला. कुत्री, डुकरं, शेळ्या हे खाणंही हाताशी. आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो आणि मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा, म्हणून पिल्लं उसातच जन्मतात. तोडणीत पिल्लं सापडली तर वनखात्याची माणसं शक्यतो ती तिथंच ठेवतात, म्हणजे रात्री आई येऊन घेऊन जाते. जखमी बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. सगळं मिळून अठरा ओळी.

फळ्यावर नियम लिहिला होता: आधी उत्तर, त्याखाली उताऱ्यातली आधाराची ओळ. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी मोबाइलवर बिबट्या सोसायटीत शिरल्याचा व्हिडिओ आला आणि अर्धा वर्ग संध्याकाळी क्लासला जायला घाबरायला लागला. कुठली सोसायटी, कधीचं, कुणी पाहिलं, कुणालाच सांगता येईना. तेव्हाच ठरवलं की या मुलांना एक तरी सवय लावायची. कुठे लिहिलंय, ते बोट ठेवून दाखव. हे मला आजही तितकंच खरं वाटतं. सुरुवातीला एकाने अख्खा उताराच अधोरेखित करून आणला होता, आता तोच नेमकी अर्धी ओळ काढतो. ती अर्धी ओळ पाहिली की दिवस सार्थकी लागल्यासारखं होतं.

प्रश्न चौथा. बिबट्या उसात का राहतो? ईश्वरीच्या वहीत आता व्यवस्थित उत्तर आहे: 'उसात त्याला आडोसा व खाणे मिळते.' आधाराची ओळही बरोबर. पण त्या जागी कागद पातळ झालाय, खोडरबराने इतका घासलाय की दिव्यासमोर धरला तर बोट दिसतं. वही तिरकी केली तेव्हा पेन्सिलीचा दाब उमटलेला दिसला. अक्षर अक्षर लावत वाचलं.

'कारण त्याचं घर तेच आहे. आधार: आजीच्या उसात वाघिणीची दोन पिल्लं होती. मी पाहिली. डोळे मिटलेले होते.'

आणि समासात माझा लाल शेरा: 'उताऱ्यात कुठे आहे?' पेन्सिल खोडता येते, लाल शाई नाही. तिचं गेलं, माझं राहिलं.

खरं तर आहे उताऱ्यात. अकरावी ओळ, 'पिल्लं उसातच जन्मतात.' मी लिहिलेली ओळ मलाच दिसली नाही, आणि ती मात्र त्या ओळीपाशी पोचली होती, आजीच्या बांधावरून. 'वाघीण' वाचूनच माझा हात थांबला असेल का? तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

सेहेचाळीस वह्या, सर्वेक्षणाचे फॉर्म, त्यात आईचा तो फोन. तीन दिवस डोळे वर करायला सवड नाही. इतकं राबून शेवटी हातून हेच व्हायचं असेल तर कशाला करायचं, असं संध्याकाळी सुहासला म्हणाले. तो म्हणाला, "एका शेऱ्याचं एवढं काय?" त्याचंही बरोबर आहे. नाहीही. जाऊ दे.

मला लागलं ते तिने किती पटकन ऐकलं याचं. रडली नाही, वाद घातला नाही. मी बोलावून विचारलं, "का गं खोडलंस?" तर माझाच नियम तिने शांतपणे मला सांगितला. डोळ्यांनी पाहिलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मी तिला शिकवलेलंच नाही.

सुटताना बूट घालता घालता मात्र तीच आपणहून बोलली. "टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली होती, बाई. पहिल्या रात्री तिनं एकच नेलं. दुसरं दुसऱ्या रात्री." मी विचारलं, मग मधला दिवस? म्हणाली, "आजीनं कुणाला तिकडं जाऊ नाही दिलं."

हे माझ्या अठरा ओळींत नाही. माझ्या उताऱ्यात आई एका रात्रीत येते आणि पिल्लांना घेऊन जाते, बस. तो मधला दिवस मला सुचलाच नसता.

भांडी सकाळी बघेन. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, अजून शेरा कसा लिहायचा ते शिकतेच आहे; असू दे, शिकू. लाल शेऱ्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'ओळ 11 पाहा. तुझं उत्तर बरोबर होतं.' त्याखाली लिहिलं, 'खोडलेलं परत लिही.' ते वाचून पाहिलं, खोडलं, आणि केलं, 'परत लिहिशील का?'