भेटप्रत मागण्याआधी

पुस्तक प्रकाशनाचा समारंभ संपला की सभागृहाच्या दाराशी एक दृश्य हमखास दिसते. टेबलावर नव्या पुस्तकाच्या प्रतींची चळत असते, टेबलामागे प्रकाशक स्वतःच सुट्टे पैसे मोजत उभा असतो, आणि शहरातली साहित्यप्रेमी मंडळी त्याच्याशी थांबून बोलतात, मुखपृष्ठाचे कौतुक करतात, एक प्रत उचलून मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात, ती परत चळतीवर ठेवतात आणि जाता जाता म्हणतात, "एक भेटप्रत पाठवा मला, लिहितो यावर." हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे. मागच्या महिन्यात कपाट आवरताना त्याचा हिशेब केला, तेव्हा अशा २१ भेटप्रती निघाल्या आणि त्यांपैकी मी लिहिले होते केवळ ६ पुस्तकांवर. उरलेल्यांपैकी दोन तर पाकिटातूनही बाहेर आलेली नव्हती.

छोट्या, स्वतंत्र प्रकाशनसंस्थांना शहराने आधार द्यावा, असे म्हटले की सगळे जण मान डोलावतात. आधार म्हणजे नेमके काय, याबद्दल मात्र आपली समजूत बरीच हवेतली असते. कौतुक, सत्कार, परिसंवाद, समाजमाध्यमांवरचे फोटो, हे सारे त्या संस्थांना मिळतच असते. अशी संस्था बंद पडते ती बहुतेक वेळा कौतुकाच्या अभावी नव्हे, तर खेळते भांडवल आटल्यामुळे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की मदत पैशांची असावी आणि ती लवकर पोचावी. पुस्तक निघाल्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या गौरवलेखापेक्षा पुस्तक छापखान्यात असताना आलेली एका प्रतीची किंमत प्रकाशकाच्या अधिक कामाची असते.

हे मला कळले ते तीन पानांमुळे. एका मित्राच्या प्रकाशनसंस्थेसाठी मी एका कवितासंग्रहाला दीर्घ उपसंहार लिहून दिला होता. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "अरे, तीन पाने कमी करता येतील का, बघ ना." मी दुखावलो, आणि माझ्या प्रत्येक परिच्छेदाची अपरिहार्यता त्याला पटवू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, की पुस्तक १६३ पानांचे होत आहे. पुस्तक सोळा पानी फर्म्यांत छापले जाते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापून त्याची घडी घातली जाते. दहा फर्मे म्हणजे १६० पाने. माझ्या तीन पानांसाठी अकरावा फर्मा लावावा लागणार होता, म्हणजे त्याच्या प्लेट (छपाईचे धातूचे पत्रे), त्याचा कागद, त्याची घडी आणि बांधणी, आणि शेवटी तेरा कोरी पाने. तीनशे प्रतींच्या आवृत्तीत हा खर्च प्रत्येक प्रतीवर किती चढतो, ते त्याने कागदावर मांडून दाखवले. उपसंहार मी त्याच रात्री कापला. खरे सांगायचे तर तो त्यामुळे सुधारला, पण ती गोष्ट वेगळी.

मोठ्या आवृत्तीच्या गणितात असा एक फर्मा कुठल्या कुठे विरून जातो. प्लेट तयार करणे, यंत्र जुळवणे, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ या सगळ्यांचा खर्च तीनशे प्रतींना जेवढा येतो, तेवढाच तीन हजारांना येतो. छोट्या प्रकाशकाची प्रत म्हणूनच महाग पडते, आणि ती महाग का, असे विचारणाऱ्याला तो बिचारा प्रत्येक वेळी प्लेटचा हिशेब सांगत बसत नाही.

खर्च आधी होतो आणि वसुली नंतर, हे तर कोणत्याही धंद्यात असतेच. पुस्तकांच्या व्यवहारात मात्र या 'नंतर'ला ठावठिकाणा नसतो. विक्रेत्याची सवलत साधारणपणे छापील किमतीच्या ४० टक्क्यांच्या आसपास असते, आणि मध्ये वितरक असेल तर दोघांचे मिळून ५० ते ६० टक्के जातात. उरलेल्यातून छपाई, लेखकाचे मानधन, गोदाम आणि टपाल भागवायचे. शिवाय पुष्कळशी पुस्तके दुकानात जातात ती परतीच्या बोलीवर. अमेरिकेत ही पद्धत १९३० च्या दशकातल्या महामंदीत रूढ झाली, दुकानदारांनी धास्ती न घेता नवी पुस्तके मागवावीत म्हणून. मंदी सरली, पद्धत राहिली. त्यामुळे छोट्या प्रकाशकाच्या वहीत 'गेल्या' म्हणून नोंदलेल्या शंभर प्रतींमधल्या चाळीस सहा महिन्यांनी परत येऊ शकतात, कोपरे दुमडलेल्या आणि मलपृष्ठावर चिकटपट्टीचे डाग पडलेल्या. पुन्हा त्या नव्या म्हणून विकता येत नाहीत. त्यांचे पैसे तर कधी आलेलेच नसतात.

या रचनेत यशदेखील धोक्याचे ठरू शकते. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात गॅली बेगर प्रेस नावाची एक लहानशी संस्था आहे. आयमर मॅकब्राइड यांच्या पहिल्या कादंबरीला सुमारे नऊ वर्षे नकार मिळत होते, ती या संस्थेने २०१३ मध्ये छापली आणि पुढच्याच वर्षी तिला महिला लेखकांसाठीचा बेलीज पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये याच संस्थेने काढलेली ल्युसी एलमन यांची हजारपानी कादंबरी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत आली. एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने तिच्या प्रतींची भरघोस मागणी नोंदवली, संस्थेने छपाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो विक्रेता आर्थिक डबघाईला येऊन कोसळला. सुमारे ४०,००० पौंडांचे येणे अडकले. पुस्तकाचा बोलबाला असताना प्रकाशकाला दारे बंद करण्याची वेळ आली होती. त्यांनी वाचकांना जाहीर आवाहन केले, आणि वाचकांनी पाहता पाहता ती रक्कम उभी केली. संस्था वाचली. पण ही गोष्ट ऐकताना वाचकांच्या औदार्यापेक्षा मला दुसरेच काही जाणवते. ज्यांनी आवाहनानंतर धावून जाऊन पैसे दिले, त्यांतल्या पुष्कळांना तीच पुस्तके आधी विकत घेता आली असती.

आवाहनाची संधी प्रत्येकाला मिळत नाही. अमेरिकेत स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन ही संस्था १९६९ पासून छोट्या प्रकाशकांची पुस्तके दुकानांपर्यंत पोचवत होती. मार्च २०२४ मध्ये ती अचानक बंद झाली, आणि सुमारे चारशे प्रकाशकांची पुस्तके गोदामात आणि येणी कागदावर राहिली. वितरक एकच असणे किती घातक असते, हे तेव्हा सर्वांना दिसले. ज्यांच्याकडे थेट ग्राहकांची यादी होती, त्यांना निदान पुढची पुस्तके कोणाला विकायची, एवढे तरी ठाऊक होते.

ही थेट ग्राहकांची कल्पना काही आजची नाही. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ या इंग्रज लेखक दांपत्याने १९१७ मध्ये लंडनजवळच्या रिचमंडमध्ये आपल्या घरात हातछपाईचे यंत्र बसवून हॉगार्थ प्रेस सुरू केली, तेव्हा पहिल्या पुस्तिकेच्या जेमतेम दीडशे प्रती निघाल्या होत्या. लवकरच त्यांनी वर्गणीदारांचे दोन वर्ग केले. 'अ' वर्गातले लोक आगाऊ ठेव देत आणि निघेल ते प्रत्येक पुस्तक घेत, 'ब' वर्गातल्यांना फक्त नव्या पुस्तकाची सूचना जाई. आपण बहुतेक जण मनाने 'ब' वर्गातले असतो, सूचना आली की आनंद होतो. आज इंग्लंडमधल्या शेफील्डची अँड अदर स्टोरीज ही संस्था वर्गणीदारांच्या आधारावर अनुवादित साहित्य छापते आणि त्यांची नावे पुस्तकाच्या शेवटी देते. प्रकाशनपूर्व सवलत हा याच कल्पनेचा आपल्या ओळखीचा अवतार आहे. त्यातली सवलत वाचकाला दिसते. प्रकाशकाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा शब्द 'पूर्व' हा असतो, कारण कागदाचे पैसे त्यातूनच जातात.

एकेकट्या वाचकाच्या पलीकडे शहराला आणखी काय करता येईल, याचे मला आवडणारे उदाहरण अमेरिकेतल्या मिनिअ‍ॅपोलिसचे आहे. तिथे २००० पासून 'ओपन बुक' नावाच्या एकाच इमारतीत मिल्कवीड ही प्रकाशनसंस्था, लेखनवर्ग चालवणारे लॉफ्ट हे केंद्र आणि पुस्तककलेचे केंद्र शेजारी शेजारी नांदतात. लिहिणारे, छापणारे आणि बांधणारे एकाच जिन्यावर भेटतात. ग्रंथालयांचे बळ तर याहून मोठे आहे. नॉर्वेमध्ये १९६५ पासून नव्या नॉर्वेजियन ललित साहित्याच्या प्रती सरकारी निधीतून ग्रंथालयांसाठी विकत घेतल्या जातात. सुरुवातीला प्रत्येक पुस्तकाच्या १००० प्रती घेतल्या जात. पहिल्या आवृत्तीचा मोठा भाग असा आधीच विकला गेला, की प्रकाशक अनोळखी लेखकावर डाव लावू शकतो. एखाद्या शहराच्या ग्रंथालयाने केवळ वीस प्रती रोखीने आणि बिनपरतीच्या घेतल्या, तरी तीनशेच्या आवृत्तीत त्यांचे वजन मोठे असते.

साहित्य महोत्सवांबद्दल मी थोडा कडवट आहे. एका महोत्सवात माझ्या याच मित्राच्या दोन कवींना व्यासपीठावर सन्मानाने बसवले होते, आणि त्याच मंडपाबाहेर त्याच्याकडून दालनाचे एवढे भाडे घेतले होते, की तीन दिवसांची विक्री ते फेडण्यातच संपली. कवी हवेत, पण त्यांची पुस्तके छापणारा भाडेकरू म्हणून हवा, असा तो व्यवहार होता.

याचा अर्थ छोटे तेवढे सगळे चांगले, असा मुळीच नाही. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढायचे, मुद्रितशोधन करायचे नाही, मानधनाचे पत्रक द्यायचे नाही आणि वर स्वतःला स्वतंत्र म्हणवायचे, असेही लोक या क्षेत्रात आहेत, आणि त्यांना आधार देणे म्हणजे लेखकांचे नुकसान करणे होय. पुस्तक वाईट असेल तर परीक्षणात ते स्वच्छ लिहावे, प्रकाशक ओळखीचा आहे म्हणून हात आखडू नये. विकत घेतलेल्या पुस्तकावर टीका करणे सोपेही जाते. भेटप्रतीवर लिहिताना लेखणी उगाच मऊ होते, हा माझा अनुभव आहे.

कपाटातल्या न लिहिलेल्या भेटप्रतींपैकी चार माझ्या या मित्राच्या होत्या. त्यांची छापील किंमत मी पाकिटात घालून त्याच्याकडे गेलो. तो गठ्ठे बांधत होता. सुतळी दातात, अंगठा गाठीवर, आणि शेजारी पत्त्यांचे कागद उडू नयेत म्हणून परत आलेल्या प्रतींचे वजन ठेवलेले. पैसे कशाचे, हे त्याला दोनदा सांगावे लागले. मग त्याने वही उघडली आणि रकान्यांवरून बोट फिरवत बराच वेळ थांबला. त्यात 'भेटप्रती' असा खर्चाचा रकाना होता, त्या बाजूने काही जमा होण्याची सोयच त्याने केलेली नव्हती. शेवटी त्याने ती रक्कम 'इतर' मध्ये लिहिली, आणि पुढच्या पुस्तकाचा प्रकाशनपूर्व नोंदणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.