गॅस संपत नाही, गळतो

"अगं, गॅस संपला असेल. भरून घे, झालं." गाडीचा एसी गरम हवा फेकतोय म्हटल्यावर फोनवर बाबांच्या तोंडून पहिलं हेच आलं. मीही आजवर असंच समजत होते. स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, पेट्रोल संपतं, तसाच एसीचा गॅसही वापरून वापरून संपत असणार. तसं नसतं हे कळायला मला अमेरिकेतल्या फिनिक्समधला एक अख्खा उन्हाळा लागला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

फिनिक्सचा उन्हाळा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस इथे पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला भिडला किंवा त्याच्याही वर गेला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसलं की स्टिअरिंग हाताला चटका देतं, सीटबेल्टच्या बकलला नुसतं बोट लावता येत नाही. आणि माझ्या मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी असते. एसी नसलेली गाडी जून ते सप्टेंबर इथे वापरताच येत नाही.

बाबांचं ऐकून मी गॅसचा एक छोटा कॅन आणला आणि भरला. तीन आठवडे गार वाटलं, मग पुन्हा तेच. गॅरेजमध्ये नेली. तिथे गेज लावलं, "प्रेशर कमी आहे, कॉम्प्रेसर बदलावा लागेल" असं सांगितलं आणि चौदाशे डॉलरचा अंदाज लिहिलेला कागद हातात दिला. "गळती कुठे आहे?" असं मी विचारलं, त्याला उत्तर मिळालं नाही. कॉम्प्रेसर तर चालू होत होता, त्याचा क्लच टक् करून धरतोय हे मला बाहेर उभं राहून ऐकू येत होतं. मग तोच का बदलायचा?

आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ राहतात, त्यांचं आयुष्य ट्रकच्या वर्कशॉपमध्ये गेलंय. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. मग म्हणाले, "गॅस जळत नाही, झिजत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. आधी ती जागा शोधू."

एसीचं मर्म इतकंच आहे. गाडीतला गॅस एका बंद नळीच्या फेऱ्यात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीतल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये पुन्हा वायू होताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो, आणि फिरून कॉम्प्रेसरकडे येतो. फेरा पक्का बंद असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर दरवर्षी तो हवेत जातोय.

आणि हवेत जाणं साधं नाही. माझ्या गाडीत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा जुना आर-१२ गॅस गाड्यांतून हद्दपार झाला आणि त्याच्या जागी हा आला. ओझोनला तो काही करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. ३४० ग्रॅमचा एक कॅन हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ ४८५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. मी भरलेला पहिला कॅन तीन आठवड्यांत बराचसा असाच गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत याचा कायदा स्पष्ट आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीच्या एसीचं काम करायचं तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करायला आडकाठी नाही, आणि दोन पौंडांपेक्षा लहान कॅन कुणालाही विकत मिळतात. २०१८ पासून अशा कॅनला आपोआप बंद होणारा व्हॉल्व असावाच लागतो, म्हणजे अर्धा वापरून काढला तरी उरलेला आतच राहतो. पण गॅस मुद्दाम हवेत सोडणं सगळ्यांनाच मना आहे, मग ते घरचं काम असो की गॅरेजचं. मला ही विभागणी पटते.

हत्यारांची सोयही सांगण्यासारखी आहे. सुट्या भागांची मोठी दुकानं अनामत रक्कम घेऊन गेज आणि व्हॅक्यूम पंप घरी नेऊ देतात, परत केलं की अनामत पूर्ण परत मिळते. माझ्या गाडीचं दुरुस्तीचं मॅन्युअल मला सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर ऑनलाइन फुकट वाचायला मिळालं.

सुरुवात आम्ही गॅसपासून केलीच नाही. आधी केबिन फिल्टर काढून पाहिला, कंडेन्सरमागचा पंखा फिरतोय का पाहिलं, गरम-गार हवेचा आतला पडदा हलतोय का पाहिलं. या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी गारवा कमी होतो, आणि लोक गॅस भरत बसतात. मग गेज. निळी नळी लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, लाल हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, मधली पिवळी पंपाला किंवा कॅनला. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गाडी बंद असताना दिसणारं प्रेशर आत गॅस किती आहे ते सांगत नाही. बाहेर ३० अंश असताना गेज साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतं, आत २५० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, कारण द्रव आणि वायू एकत्र असले की प्रेशर तापमानावर ठरतं. कॅनसोबत येणाऱ्या एकाच छोट्या गेजवर हिरवा पट्टा दिसेपर्यंत भरत राहणारे म्हणूनच फसतात. गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो, आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळाच.

गळती शोधायला थोड्याशा गॅससोबत चमकणारा रंग आत सोडला. दोन-तीन दिवस गाडी फिरवली आणि रात्री नऊनंतर घरच्या गॅरेजचा दिवा मालवून, पिवळा चष्मा लावून, अतिनील टॉर्च घेऊन आम्ही दोघं बॉनेटखाली वाकलो. कॉम्प्रेसर कोरडा. गेज लावायचे सर्व्हिस व्हॉल्व कोरडे. पुढचं प्लॅस्टिक काढलं, तर कंडेन्सरला नळी जिथे एका बोल्टने बसते तिथे पोपटी रंगाची बारीक रेघ चमकली, खाली थेंबाएवढा ओघळ. बोटाने पुसलं तर बोटही चमकायला लागलं. मी तिथे नुसती बघत राहिले. चौदाशे डॉलरच्या कागदावर या जागेचं नावही नव्हतं.

जोड उघडण्याआधी आतला गॅस काढायला हवा, आणि ते घरी होत नाही. दुसऱ्याच एका गॅरेजमध्ये रिकव्हरी मशीन होतं, त्यांनी साठ डॉलरमध्ये गॅस ओढून घेतला. मशीनवर आकडा आला, २१० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं ५०० ग्रॅम. हे काम घेण्याआधी त्यांनी गाडीत गळती बंद करणारं रसायन कधी टाकलंय का, हे खोदून विचारलं. ते रसायन मशीनमध्ये जाऊन घट्ट होतं, म्हणून अशा गाड्या अनेक गॅरेजवाले परतच पाठवतात. दुकानात मी तसलाच कॅन उचलला होता, पण शेजाऱ्यांनी तो फळीवर परत ठेवायला लावला होता. तुमच्याही हाताला तो आला तर ठेवून द्या.

बोल्ट काढून नळी हलकेच ओढली आणि आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बसवणारी रबराची कडी, काढून तळहातावर घेतली. अंगठीएवढी वस्तू, एक डॉलरचीसुद्धा नाही. नवी रिंग गोल, गुळगुळीत आणि दाबली की दबणारी असते. ही एका बाजूने चपटी झालेली, नखाने दाबली तरी ढिम्म, आणि ताणून पाहिली तर केसासारखी भेग. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबराचं असंच होतं. नव्या रिंगला एसीचंच तेल लावून बसवलं, कारण कोरडी बसवली तर ती पिळवटते. सिस्टिम उघडली की ओल शोषणारी ड्रायरची पिशवीही बदलावी लागते, ती बदलली. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच तेल घातलं. उघड्या तोंडांना मध्ये स्वच्छ प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं, कारण हे तेल हवेतली ओल पटकन पितं.

मग व्हॅक्यूम, ज्याचा लोकांना सगळ्यात कंटाळा येतो. पंप लावून पाऊण तास सगळी हवा ओढायची. हवा तर जातेच, पण दाब इतका उतरला की आतलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होतं आणि तेही निघून जातं. काटा (तो पाऱ्याच्या इंचांत मोजतो) २९ इंचाच्या जरा अलीकडेच थांबला तेव्हा मी घाबरले. शेजारी म्हणाले, फिनिक्स समुद्रसपाटीपासून अकराशे फुटांवर आहे, हवेचा दाबच इंचभर कमी, इथे तो एवढाच जाणार. व्हॉल्व बंद करून पंप थांबवला आणि अर्धा तास काट्याकडे पाहत बसलो. हलला नाही.

गॅस भरताना माझा भरवसा फक्त स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होता. कॅन काट्यावर उभा ठेवायचा, नळीतली हवा आधी काढायची, गाडी आणि एसी चालू करून फक्त निळा व्हॉल्व थोडा थोडा उघडायचा. लाल व्हॉल्वला गाडी चालू असताना हात लावायचा नाही. हाय साइडचा दाब कॅनमध्ये शिरला तर कॅन फुटतो. कॅन उलटाही करायचा नाही, द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये गेला तर त्याचे व्हॉल्व मोडू शकतात. चष्मा आणि हातमोजे शेवटपर्यंत घालून ठेवा. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, कातडीवर उडाला तर ती गोठवतो. पहिला कॅन संपला, दुसऱ्यातले १६० ग्रॅम गेले आणि काटा पाचशेच्या हिशेबाला आला तसं मी बंद केलं.

व्हेंटमध्ये खोचलेला थर्मामीटर सुरुवातीला ३४ दाखवत होता. मग १९, मग १२. बाहेर ४१ अंश होते आणि थोडं फिरवून आणल्यावर आत ७. मुलगी मागून म्हणाली, "आई, माझे पाय गार झाले."

करायचं ठरवलंत तर आधी स्टिकर वाचा. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो हलका ज्वलनशील आहे, त्याचे जोड वेगळे आहेत, आणि दोन्ही गॅस एकमेकांत चालत नाहीत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या एसीला तर घरी हात लावूच नका. तिथला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, तेलही वेगळं लागतं, आणि भगव्या वायरींची जागा प्रशिक्षित माणसाचीच आहे. इव्हॅपोरेटर गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते मीही केलं नसतं.

दुसऱ्या कॅनमध्ये १८० ग्रॅम उरले. त्यावर टेप लावून वजन आणि तारीख लिहिली आणि सावलीतल्या फळीवर ठेवला. यंदा मे महिन्यात रात्री पुन्हा टॉर्च घेऊन तो जोड पाहिला, पोपटी काही दिसलं नाही. थर्मामीटर ८ वर आहे. बाबांनी परवा विचारलं, "यंदा गॅस भरलास का गं?" मी त्यांना फोनवर फळीवरचा कॅन दाखवला, टेपवर मागच्या वर्षीच्या जुलैची तारीख होती.