कुत्र्यामांजरांशिवाय जावा: माझा अनुभव

कोबॉल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणाऱ्या माणसाला जावा ही नंतरची भाषा शिकवायला बसलेला प्रत्येक जण कुत्र्यामांजरांपासून सुरुवात करतो. प्राणी नावाचा एक क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा साचा, त्याच्यापासून कुत्रा आणि मांजर हे क्लास. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, झालं ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे अशा साच्यांतून केलेल्या वस्तूंचं प्रोग्रॅमिंग! कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हेच आणि नंतर बघितलेल्या व्हिडिओंमध्येही हेच. मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर बँकांच्या रात्रीच्या बॅचेस, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, सांभाळण्यात ज्यांची निम्मी नोकरी गेली, त्यांना यातून काही मिळत नाही. इफ, लूप, अ‍ॅरे सगळीकडे सारखेच, सिंटॅक्सला कुणी अडत नाही. अडतं ते याच्यावर: डोक्यात जो हजारो ओळींचा व्याजाचा प्रोग्रॅम बसलाय, त्याचे तुकडे कुठे पाडायचे आणि कुठला तुकडा कुणाच्या गळ्यात घालायचा.

म्हणून प्राणीसंग्रहालय बाजूला ठेवलं आणि सरावाला बँकेच्या खात्यांचं व्याज घेतलं. बचत खातं, एफडी, आरडी, इतकंच. यातलं खरं उत्तर मला कागदावर काढता येतं, त्यामुळे चुकतंय ते भाषेमुळे की हिशेबामुळे हा घोळ राहत नाही. अनुभवी माणसाने नवी भाषा शिकताना विषय मात्र जुना घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिला मसुदा मुद्दाम हाताला सवय आहे तसाच लिहिला. एकच क्लास, वर सगळी व्हेरिएबल्स, खाली सगळ्या स्टॅटिक मेथड्स, म्हणजे ऑब्जेक्ट न करताच चालवता येणारी कामं. टीममधल्या एका मुलाला दाखवला. त्याने वरपासून खालपर्यंत स्क्रोल केलं आणि म्हणाला, "मॅम, हे कोबॉलच आहे. फक्त ओळीच्या शेवटी सेमीकोलन आलाय."

"अरे, पण चालतंय ना?"

"चालतंय. पण बॅलन्स कोण कोण बदलतंय ते सांगा बघू."

हा प्रश्न बरोबर वर्मी लागला. कोबॉलमध्ये वर्किंग-स्टोरेज सेक्शनमधलं, म्हणजे व्हेरिएबल्सच्या भागातलं, प्रत्येक नाव त्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक पॅराग्राफला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, उघडं असतं. शिल्लक चुकली की त्या फिल्डचं नाव घेऊन सगळा सोर्स पालथा घालायचा, शिवाय ग्रुप फिल्डमध्ये (अनेक फिल्ड्सच्या गटात) मूव्ह करून कुणी आडवाटेने तिथे पोचलंय का तेही बघायचं. रीडिफाइन्स, म्हणजे त्याच जागेला दुसरं नाव, असेल तर आणखी मजा. जावात शिल्लक प्रायव्हेट केली की ती बदलणारा कोड त्याच क्लासच्या चार कंसांत सापडतो, बाहेरच्याने हात लावला तर कंपायलरच उभा राहतो. रात्री दोनला डंप, म्हणजे बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, घेऊन बसलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मला विचाराल तर ट्रेनिंगची सुरुवात इथूनच व्हायला हवी. इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून दुसरा काढणं, राहू द्या शेवटच्या दिवसाला.

त्यानंतर खरा त्रास दिला तो साध्या बरोबरच्या चिन्हाने. कोबॉलमध्ये मूव्ह म्हटलं की बाइट्सची नक्कल होते. इकडचं तिकडे गेलं, आता दोघांचा संबंध संपला. जावात एका खात्याचं व्हेरिएबल दुसऱ्याला दिलं की खातं एकच राहतं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी नावं दोन होतात. महिनाअखेरीचं खातं 'बाजूला ठेवलं' असं समजून मूळ खात्यात पैसे जमा केले, तर बाजूला ठेवलेलंही वाढलेलं! दुहेरी बरोबर वापरून तुलना केली की तीही वस्तू तीच आहे का एवढंच बघते, आतला आकडा सारखा आहे का हे बघत नाही. त्यात इंटीजर या पूर्णांक ठेवणाऱ्या क्लासचा एक खोडसाळपणा आहे: उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे जावा आधीच करून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. त्यामुळे छोट्या आकड्यांवर दुहेरी बरोबर चालल्यासारखं वाटतं आणि १२८ ला गाडी घसरते. तुलनेला इक्वल्स वापरायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की सुटलात.

पैशांच्या बाबतीत मात्र जुना अनुभव कामी आला. कोबॉलमध्ये आम्ही रक्कम पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ अशी लिहायचो. नऊ अंक पाच बाइट्समध्ये, दर बाइटला दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. दशांश म्हणजे दशांश, त्यात लबाडी नाही. जावाचा डबल हा अपूर्णांकांचा प्रकार बायनरी. त्याच्यात ०.१ आणि ०.२ मिळवा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. ट्रेनिंगमधल्या पोरांना हे गमतीचं वाटलं, मला घाम फुटला. यावर उपाय बिगडेसिमल हा जावाचा दशांश आकड्यांचा क्लास, पण त्याचेही नखरे आहेत. दिवसाचं व्याज काढायला शिल्लक गुणिले दर भागिले ३६५ केलं आणि प्रोग्रॅम एक्सेप्शन (एरर) देऊन पडला. कारण ३६५ म्हणजे ५ गुणिले ७३, आणि ७३ ने भागलं की भागाकार बहुतेक वेळा संपतच नाही. किती दशांशांवर थांबायचं आणि कसं राउंड करायचं हे न सांगता भागायला दिलं की बिगडेसिमल हात वर करतो. कोबॉलने तिथे राउंडेड लिहिलं नसेल तर पुढचे अंक चुपचाप कापून टाकले असते. कोणतं बरं? मला तरी आरडाओरडा करणारं. राउंडिंगला हाफ-अप दिलं की कोबॉलच्या राउंडेडशी पैशापैशाने हिशेब जुळतो. शिवाय बिगडेसिमलच्या इक्वल्सला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, तिथे कम्पेअरटू लागतं. म्हणजे मघाशी अंगवळणी पाडलेला नियम इथे पुन्हा मोडायचा.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मसुद्यात अर्थातच एक भला मोठा स्विच होता, आमच्या कोबॉलमधल्या इव्हॅल्युएटचा सख्खा भाऊ. खात्याचा प्रकार एसबी असेल तर हे, एफडी असेल तर ते. असा स्विच एकच असता तर काही बिघडलं नसतं. पण तोच व्याज काढताना, तोच स्टेटमेंट छापताना, तोच टीडीएस कापताना. ते मोडून मी एक छोटा इंटरफेस, म्हणजे क्लासने काय करायचं एवढंच सांगणारा करार, केला: व्याजाचा नियम. त्यात एकच मेथड. खातं आणि कालावधी द्या, व्याज घ्या. मग कसोटी म्हणून आपल्याकडचाच एक खरा बदल घेतला. १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मिळायचं. त्या दिवसापासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर द्यायला लावलं. मी आधी जुना नियम लिहिला, तो चालवला, आणि मग नवा आणला. एक नवा क्लास, आणि कोणत्या तारखेला कुठला नियम लावायचा हे ठरवणारी एक ओळ. स्टेटमेंट, टीडीएस, एफडी कशालाही हात लागला नाही. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपापल्या पद्धतीने उत्तर देणं, हे मला त्या संध्याकाळी पटलं. व्याख्या तर आधीपासून पाठ होती.

इनहेरिटन्सचं भूतही याच सरावात उतरलं. पुस्तकी पद्धतीने एफडीपासून ज्येष्ठ नागरिकांची एफडी काढली, तिला जादा दर. मग एफडीपासून कर्मचाऱ्यांची एफडी, तिलाही जादा दर. आता बँकेतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला कर्मचारी आला. त्याला दोन्ही फायदे मिळतात. तो कुणाचा वारस? जावात क्लासला बाप एकच असतो. शेवटी सगळे वारस काढून टाकले. एफडी एकच ठेवली आणि तिच्यासोबत दराच्या सवलतींची एक यादी दिली. ज्येष्ठ असेल तर एक सवलत, कर्मचारी असेल तर दुसरी, दोन्ही असेल तर दोन्ही. कोड निम्मा झाला. कुत्र्यामांजरांच्या उदाहरणात ही अडचण कधी येतच नाही, म्हणून ते उदाहरण मला खोटं वाटतं.

मध्येच सहज इतिहास चाळला तर गंमत कळली. क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास, व्हर्च्युअल हे सगळं ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये मांडलं होतं. कोबॉलची पहिली व्याख्या १९६० ची. म्हणजे ज्याला आमच्या पिढीतले लोक 'नवीन पद्धत' म्हणून घाबरतात, ती कोबॉलपेक्षा फक्त सात वर्षांनी लहान आहे. जावा १९९५ ची, ती तर फारच उशिरा आलेली पाहुणी.

अजूनही जड जातं ते दुसऱ्याचा कोड वाचणं. कोबॉलचा प्रोग्रॅम कितीही गचाळ असो, मेन पॅराग्राफपासून परफॉर्म-परफॉर्म करत खाली उतरता येतं. जावात 'नियम, व्याज काढ' या ओळीपाशी आलं की रस्ता फुटतो: हा कुठला नियम? ते प्रोग्रॅम चालतानाच ठरणार. इंटेलिजे या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-आल्ट-बी दाबलं की इंटरफेसमागचे सगळे क्लास समोर येतात, निम्मं वाचन मी त्यावरच करते. उरलेलं ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून. टीममधल्या त्या मुलाचं म्हणणं असं की, सगळं वाचायचंच कशाला, मेथडच्या नावावर विश्वास ठेवायचा. मला अजून तेवढा विश्वास जमत नाही. नावं देणाऱ्यांना मी ओळखते.

एररच्या बाबतीत मात्र मागे जायची इच्छा नाही. मेनफ्रेमवर एस०सी७, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही असल्याची एरर, आली की डंपमधला ऑफसेट धरून कंपाइल लिस्टिंगमध्ये ओळ शोधा, मग कुठल्या फिल्डमध्ये कचरा आला ते शोधा. जावा १५ पासून नल पॉइंटरचा मेसेज कुठली गोष्ट नल, म्हणजे रिकामी, होती तेही सांगतो. एवढं आयतं मिळाल्यावरही लोक तक्रार करतात, याचं नवल वाटतं.

सध्या जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कशी झटापट चालू आहे. इतक्या कष्टाने ऑब्जेक्ट कुठे जन्माला येतो ते बघायला शिकले, आणि इथे तर ऑब्जेक्ट तयार करणारा न्यू हा शब्दच दिसत नाही. वर ऑटोवायर्ड लिहिलंय आणि व्याजाचा नियम आपोआप हजर. माझ्या सवलतींची यादी तो कुठल्या क्रमाने भरतो, हे तपासायला परवापासून एक टेस्ट लिहायला घेतली आहे.