कंट्रोल-झेडची गाठ सुटली, पण रेज बदलावे लागणार

मी टर्मिनलमध्ये चालणारा एक एडिटर लिहितो आहे, आणि कंट्रोल-झेड दाबल्यावर तो तात्पुरता थांबून शेल परत यावे असे मला हवे होते. मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे रॉ मोडमध्ये (टर्मिनल कळा जशाच्या तशा प्रोग्रामला देते ती अवस्था) आयसिग, म्हणजे अशा कळांचे सिग्नल बनवणारी सोय, बंद असल्याने कंट्रोल-झेड दाबल्यावर एडिटरला केवळ २६ हा बाइट मिळतो, आणि थांबण्याचा सिग्नल (प्रोसेसला कर्नलमार्फत मिळणारी सूचना) त्याने स्वतःच स्वतःला पाठवायचा असतो. त्यासाठी रेज(सिगटीएसटीपी), म्हणजे स्वतःला थांबण्याचा सिग्नल पाठवणारी, ही एक ओळ लिहिली आणि तिच्यापायी तीन रात्री गेल्या.

हँडलरने (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) टर्मिनल पूर्ववत करावे, सिग्नलला सिग-डीएफएल, म्हणजे मूळची वागणूक, लावून पुन्हा रेज करावे आणि जाग आल्यावर स्वतःला परत बसवावे, असा क्रम होता. एडिटर मात्र थांबेचना. स्क्रीन लुकलुकत राही आणि एक कोअर पूर्ण व्यापला जाई. जीडीबी हा डीबगर सिग्नल मध्येच अडवत असल्याने चित्र अधिकच धूसर झाले. अशा कामाला सिस्टम कॉल टिपणारा एसट्रेसच खरा. त्यात टीजीकिल (सिग्नल पाठवणे), मागोमाग सिगरिटर्न (हँडलरमधून परतणे) आणि लगेच पुन्हा सिगटीएसटीपी, ही साखळी अखंड दिसली.

हँडलर चालू असताना तोच सिग्नल ब्लॉक असतो, म्हणून आतले रेज त्याला नुसता पेंडिंग (प्रलंबित) ठेवून परत येत होते. पुढच्याच ओळीत मी हँडलर बसवत होतो, आणि बाहेर पडताच तो साठलेला सिग्नल पुन्हा त्याच हँडलरवर येऊन पडत होता. रेजनंतर, ब्लॉक सिग्नलांची यादी बदलणाऱ्या सिगप्रोकमास्कने तो अनब्लॉक केला आणि प्रोसेस नेमकी त्याच ओळीवर थांबली. एफजी (थांबलेला प्रोग्राम पुढे आणणारी शेलची आज्ञा) दिल्यावर कर्सर जिथे होता तिथेच सापडला, तेव्हाचे समाधान मोठे होते. सिगस्टॉप (अडवता न येणारा थांबण्याचा सिग्नल) वापरण्याचा सोपा मार्ग मी मुद्दाम टाळला आहे, कारण अनाथ प्रोसेस ग्रुपमध्ये कर्नल सिगटीएसटीपीने प्रोसेस थांबू देत नाही, तर सिगस्टॉपने ती थांबते आणि तिला उठवणारे शेल मागे उरलेले नसते.

एवढ्यात गिट कमिटमधून (तिथे संदेश लिहायला गिट एडिटर उघडते) एडिटर उघडून पाहिला, तर एडिटर थांबला, पण गिट त्याची वाट पाहत राहिले आणि शेलचा प्रॉम्प्ट आलाच नाही. रेज फक्त स्वतःपुरते असते. खरा कंट्रोल-झेड संपूर्ण प्रोसेस ग्रुपला, म्हणजे गिटलाही, पोहोचतो. म्हणजे आतल्या रेजच्या जागी पूर्ण ग्रुपला सिग्नल पाठवणारे किल(०, सिगटीएसटीपी) हवे. हे लिहिताना लक्षात येते की २६ हा बाइट मुळात मेन लूपमध्येच वाचला जातो, तिथे सिग्नल ब्लॉक नसतो, त्यामुळे मास्कची (ब्लॉक-अनब्लॉकची) उठाठेव तिथे लागणारच नाही. हँडलरने फक्त सिग_अॅटॉमिक_टी प्रकारचा (हँडलरमधून सुरक्षितपणे बदलता येणारा) ध्वज उभारावा आणि थांबण्याचे सारे काम लूपने करावे. ध्वज तपासणे आणि रीडमध्ये अडकणे यांमधली फट, इनपुट आणि सिग्नल दोन्हींची एकत्र वाट पाहणाऱ्या पीसिलेक्टने बुजवून रविवारी पुन्हा गिटमधूनच चाचणी घेईन.