उपनगरातला पोहण्याचा तलाव खासगी, पण किती खासगी?

अमेरिकेत मेच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला उपनगरांतले पोहण्याचे तलाव उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर बहुतेकांना टाळे लागते. जेमतेम शंभर दिवसांचा हंगाम. मेरीलँड-व्हर्जिनियाकडे यातले बरेच तलाव सरकारी नसतात. आसपासच्या कुटुंबांनी संस्था नोंदवून चालवलेले ते क्लब असतात. सुरुवातीला एकरकमी प्रवेशशुल्क किंवा परत मिळणारी ठेव, दरवर्षी वर्गणी, किती कुटुंबे घ्यायची याला मर्यादा, आणि ती भरली की प्रतीक्षा यादी. जिमखाना पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. पण असे क्लब इतके का निघाले, याचा इतिहास फारसा गोड नाही.

१९५०च्या दशकात कोर्टांनी सरकारी तलाव कृष्णवर्णीयांना खुले करायला लावले. त्यावर दक्षिणेतल्या काही शहरांनी तलावच बंद केले. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीने १९५९मध्ये सार्वजनिक बागांना कुलपे लावली आणि तलाव बुजवून टाकला. मिसिसिपीतल्या जॅक्सनने १९६३मध्ये तलाव बंद केले. त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७१मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी शहर सुटले. सगळ्यांनाच बंद आहे, मग भेदभाव कुठे, असा तो हिशेब!

दुसरी वाट क्लबची. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, थिएटरे वगैरे सर्वांना खुली केली, पण खऱ्या अर्थाने खासगी क्लबांना सूट ठेवली. मग जो तो खासगी झाला. आर्कान्सातल्या लिटल रॉकजवळचे लेक निक्सन हे सहलीचे ठिकाण गोऱ्यांना २५ सेंटमध्ये सभासद करून घेई आणि कृष्णवर्णीयांना परत पाठवी. १९६९मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बनाव मोडून काढला.

सगळ्यात बोलका खटला मात्र मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगजवळच्या व्हीटन-हेवनचा. १९५८मध्ये स्थापन झालेला हा क्लब. मर्यादा ३२५ कुटुंबांची. पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. बाहेरच्याला शिफारस हवी, आणि असे सभासद ३० टक्क्यांच्या वर नकोत. यादी भरलेली असेल तर हद्दीतल्या रहिवाशाचा नंबर आधी. सभासदाने घर विकले तर घेणाऱ्याला त्याच्या जागेवर पहिला हक्क. १९६८मध्ये हद्दीत घर घेतलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाने चौकशी केली, तर त्याला अर्जाचा कागदसुद्धा दिला नाही. त्याच उन्हाळ्यात एका गोऱ्या सभासद कुटुंबाने कृष्णवर्णीय पाहुणी आणली. त्या दिवशी तिला आत सोडले आणि लगेच नियम बदलला: यापुढे पाहुणे म्हणून फक्त नातेवाईक.

१९७३मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने क्लबविरुद्ध निकाल दिला. तर्क सरळ आहे. हद्दीतल्या घराबरोबर तलावाचा अग्रहक्क येत असेल, तर तो घराच्या किमतीचाच भाग झाला. आणि मालमत्तेच्या व्यवहारात वंशावरून भेद करायचा नाही, हे १८६६चा कायदा सांगतो. सभासद निवडण्याची कसोटी फक्त पत्ता आणि कातडी असेल, तर तो क्लब खासगी कसला?

मराठी वाचकाला इथे महाड आठवणारच. चवदार तळ्यावरचा दावाही शेवटी याच मुद्द्यावर लढला गेला: तळे कुणाचे, वहिवाट कुणाची. १९३७मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांना मज्जाव करणारी वहिवाट सिद्ध होत नाही, असे ठरवले.

हे सारे जुने झाले असे समजू नका. २००९मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका क्लबने १,९५० डॉलर घेऊन उन्हाळी शिबिराच्या मुलांना पोहायला यायची परवानगी दिली. मुले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. ती एकदा येऊन गेली आणि क्लबने पैसे परत केले. क्लब दिवाळखोरीत गेला, केंद्रीय न्याय खात्याने खटला भरला, आणि २०१२च्या तडजोडीत ११ लाख डॉलर ठरले.

परिणाम पाण्यात दिसतात. २०१७च्या एका पाहणीत ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहणे येत नव्हते किंवा जेमतेम येत होते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के होते. ज्या आजीला तलावात उतरू दिले नाही, तिने नातवाला शिकवायचे कसे?

अमेरिकेत घर घेणाऱ्यांनी, भाड्याने राहणाऱ्यांनीही, आधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. तलाव वस्तीच्या घरमालक संघाचा आहे की वेगळ्या क्लबचा? घरासोबत सभासदत्व मिळते की नव्याने रांगेत उभे राहायचे? भाडेकरूला पास मिळतो का? संघाचा तलाव असेल तर गृहनिर्माणातल्या भेदभावाविरुद्धचा १९६८चा कायदा लागू होतो. त्यात लहान मुले असलेली कुटुंबेही येतात, त्यामुळे 'या वेळेत फक्त मोठ्यांनी पोहायचे' असले नियमही कोर्टात अडचणीत आले आहेत. हा सगळा गोऱ्या-काळ्यांचा मामला, आपला काय संबंध, ही समजूतही सोडावी. करार आणि सभासदत्वातल्या वंशभेदावरचा कायदा मूळच्या वांशिक समूहावरून होणाऱ्या भेदालाही लागू आहे, हे १९८७पासून स्पष्ट आहे.

फाटकावर अडवणूक झाली तर वाद वाढवू नका. पास किंवा कार्ड दाखवा आणि सगळ्यांचेच तपासता का, एवढे विचारा. २०१८मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका रहिवाशाने कृष्णवर्णीय शेजारणीवर पोलीस बोलावले. तिच्या कार्डाने फाटक पोलिसांसमोरच उघडले. पाहुण्यांचे नियम सभासद होतानाच तारखेसकट जपून ठेवा, कारण तुमच्या पाहुण्यांनंतर ते बदलले तर तोच पुरावा. संघाच्या तलावाबद्दलची तक्रार केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत करावी लागते. थेट कोर्टात जायचे तर मुदत दोन वर्षांची.