पावसात उरण: जासईचा राडा आणि मोऱ्याची ओहोटी

"ठाण्याहून सायकलने उरण ५० किलोमीटर, रस्ता सपाट, रात्री मुक्काम आणि सकाळी लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का." हा सल्ला देणाऱ्यांनी तो जानेवारीत आजमावलेला असतो. अंतर साधारण बरोबर, चढही नाही. जुलैत बाकी काहीच तसं नाही.

बेलापूरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं असेल तर ओसरायची वाट बघू नका, मागे फिरून कोपरी-मुलुंडवरून ऐरोली पूल धरा. पाम बीचवर वारा तोंडावर येतो, एवढंच.

रडकथा सुरू होते गव्हाण फाट्याला आणि जासईवरून करळ फाट्यापर्यंत पुरते. आठ-दहा किलोमीटरच, पण जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराचे ४० फुटी कंटेनर ट्रेलर इथूनच जातात. रविवारी पहाटे गर्दी नसेल ही आशा सोडा, बंदराला रविवार नसतो. धो-धो पाऊस असेल तर उलट बरं, रस्ता धुऊन निघतो. रिपरिप लागली की डंपरमधून सांडलेल्या मातीचा मऊ लेप होतो आणि पुढचं चाक वळणावर साबणावरून गेल्यासारखं सरकतं. डाव्या कडेला ट्रेलर ओळीने उभे, म्हणजे चालत्या लेनमध्ये यावंच लागतं. तेव्हा सरळ रेषेत, दिसाल असे चालवा. दोन उभ्या ट्रेलरच्या फटीत शिरून परत बाहेर येण्याचा खेळ नको. आणि डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला कधीच नाही: पुढचा भाग रुंद वळतो, मागची चाकं कठड्याला घासत आत येतात.

दुसरा ताप तारांचा. फुटलेल्या ट्रक टायरमधली केसाएवढी पोलादी तार ओल्या टायरमध्ये सहज घुसते. ट्यूब बदलून दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली, तर तार अजून आतच आहे. बोटाने सापडत नाही. टायरच्या आतून कापूस फिरवा, अडकेल तिथे तार. बाहेरून दिसत नसेल तर टायर त्या जागी उलटा दुमडा, टोक वर येतं, चिमट्याने ओढा. चिमटा नसेल तर तिथेच बसाल. ओल्यात पॅच धरत नाही, दोन कोऱ्या ट्यूब हव्यातच. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर दर उतारावर आधी हलके दाबून रिम पुसून घ्या. चिखलाची कचकच ऐकू आली की पॅड खरवडा, नाहीतर रिम खाल्ली जाते.

दिघोडे-चिरनेरवरून वळसा घालून काही वाचत नाही, तिकडेही कंटेनर यार्ड आणि खड्डे. अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. स्पष्टच सांगायचं तर पाऊस असेल तर बेलापूरहून उरण लोकल पकडा, गर्दीची वेळ टाळून, लगेज तिकीट काढून, सामानाच्या डब्यात.

उरणला खोली तळमजल्याची आणि सायकल आत ठेवू देणारी, हे पैसे देण्याआधी ठरवा. सायकलवर आधी बादलीभर गोडं पाणी, मग फडकं, मग चेनला ओल्या हवामानाचं तेल. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममधून वाटीभर पाणी निघेल. बुटांत वर्तमानपत्र, दोन तासांनी बदला. पीरवाडीचा किनारा छत्री घेऊन चालत बघा.

जेवणात "ताजं पापलेट" ऐकलं तर हसा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तो बर्फातला माल असतो आणि भाव मात्र ताज्याचा लावतात. खाडीच्या चिंबोऱ्या नाहीतर जिताडा मागा, आणि नगाचा भाव ऑर्डर देण्याआधी विचारा.

आता मोरा, म्हणजे भाऊच्या धक्क्याची लाँच सुटते ते उरणचं बंदर. बंदरात गाळ इतका की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. कोळ्यांचा हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, तीही उधाणाची. पहिल्या लाँचचा बेत त्या दिवशी हमखास फसतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे जात नाही. शिवाय बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद. अलिबागकडे रेवसला जाणाऱ्यांनी करंज्याच्या धक्क्यालाही तेच गृहीत धरावं, नाहीतर चिरनेर-खारपाडा-पेणवरून अलिबाग सत्तरेक किलोमीटर.

सायकलचं भाडं खिडकीवर द्या, पायरीवर हात लावणाऱ्याला नाही. तो चढवण्याचे वेगळे, उतरवण्याचे वेगळे मागतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं: क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट काढून अनवाणी उतरा, सायकल समुद्राकडच्या खांद्यावर घ्या म्हणजे तोल गेला तर भिंत धरता येईल. लाँचमध्ये कठड्याला दोन पट्ट्यांनी बांधा, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ आहे.